दैवाचा क्रम पाचवा

आपली वस्तू परक्याच्या हाती सोपवावी आणि ती समुद्र ओलांडून पुन्हा आपल्या ताब्यात येईपर्यंत वाट पाहत राहावे, हा मनुष्याच्या व्यवहारातील अतिशय जुना प्रसंग आहे. आणि त्या मधल्या काळात वस्तूला काही अपाय झाला तर त्याचा जाब कोणाला विचारावा, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. वरवर पाहता हा प्रश्न वकिलांचा आणि विमेदारांचा वाटतो. परंतु वाहतुकीच्या करारनाम्याची कलमे जो लक्षपूर्वक वाचू लागतो त्याला त्या रूक्ष मजकुरात, भाडे, मुदत आणि जोखीम यांच्या शेजारी, अकस्मात ईश्वराचे नाव आढळते. आणि ज्या दस्तऐवजात उभय पक्षांच्या जबाबदाऱ्या तोलून मापून नमूद केलेल्या असतात त्यातच परमेश्वराच्याही नावे एक रकाना राखून ठेवलेला पाहून विचारी मनुष्य अंतर्मुख होतो. हा रकाना कोणत्या अधिकाराने ठेवला गेला, त्यात काय लिहावे व काय लिहू नये, आणि श्रद्धावंताने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, या प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे.

उदाहरणासाठी अलास्का प्रांतातील अँकरेज शहर घेऊ. कारण निसर्गाची सत्ता आणि मनुष्याची दक्षता यांच्यामधील सीमारेषा जेथे प्रत्येक हिवाळ्यात नव्याने आखावी लागते, अशा शहरांपैकी ते एक आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाला, ६१ अंश अक्षांशाच्या किंचित वर, कुक इनलेट या खाडीच्या शिरोभागी ते वसलेले आहे. या खाडीत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील अंतर तीस फुटांच्या घरात जाते, हिमनद्यांनी आणलेला गाळ अखंड साचत असतो, आणि हिवाळ्यात बर्फाचे तुटलेले थर भरतीबरोबर आत व ओहोटीबरोबर बाहेर वाहत राहतात. संयुक्त संस्थानांच्या मुख्य भूमीवरून येथे खुष्कीने यावयाचे तर मध्ये कॅनडा ओलांडावा लागतो. त्यासाठी १९४२ साली, युद्धाच्या निकडीत, लष्करी अभियंत्यांनी अवघ्या आठ महिन्यांच्या सुमारास उघडलेला अलास्का महामार्ग आहे खरा, पण सिअॅटलपासून अँकरेजपर्यंतचे अंतर साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक भरते आणि त्यातील मोठा भाग निर्मनुष्य प्रदेशातून जातो. म्हणून नोकरीतील बदलीने किंवा सैन्यातील नेमणुकीने या शहरात येणारी वा तेथून परतणारी पुष्कळ कुटुंबे आपली मोटार सिअॅटलजवळच्या टॅकोमा बंदरात जहाजावर चढवितात, आणि सुमारे १,४५० सागरी मैलांचा तो प्रवास जहाज तीन दिवसांच्या आसपास पुरा करते.

या सोपवणुकीची रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. मोटारीने स्वतःच्याच चाकांवर जहाजात शिरावे आणि तशीच बाहेर पडावे, अशा बांधणीची जहाजे या मार्गावर १९७५ पासून चालत आली आहेत. मालकाने गोदीवर गाडीच्या मालकीचा दाखला आणि स्वतःचे ओळखपत्र दाखवावयाचे. गाडीवर कर्ज असेल तर धनकोची लेखी संमती आणावयाची. टाकीत पाव हिश्शाहून अधिक इंधन ठेवावयाचे नाही आणि आत घरगुती सामान भरावयाचे नाही. आणि मग गोदीवरील कारकुनासमवेत गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखडा, प्रत्येक पोचा, काचेवरील प्रत्येक तडा यांची नोंद करून त्या नोंदीवर उभयतांनी सह्या करावयाच्या. शेवटी किल्ली त्याच्या हवाली करावयाची. त्या क्षणापासून मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, अशी विलक्षण अवस्था निर्माण होते, आणि अलास्काच्या आखातातील हिवाळी वादळे या दोघांपैकी कोणाचीच आज्ञा मानीत नाहीत.

आता या वस्तूचे थंडीशी असलेले नातेही लक्षात घेतले पाहिजे. मोटारीची विद्युत्घटमाला पूर्ण भारित असेल तर तिच्यातील आम्लद्रव शून्याखाली पन्नास अंशांपेक्षाही खाली गेल्याखेरीज गोठत नाही. तीच पुरती उतरलेली असेल तर शून्याखाली दहा अंशांच्या आतच गोठून तिचे कवच फुटू शकते. एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात ग्लायकॉल निम्मे मिसळले असेल तर ते मिश्रण शून्याखाली सदतीस अंशांच्या सुमारापर्यंत टिकते. उष्ण प्रदेशातील निष्काळजी मालकाप्रमाणे नुसतेच पाणी भरले असेल तर ते गोठताना फुगते आणि ओतीव लोखंडालाही तडा देते. अलास्काच्या अंतर्भागात, फेअरबँक्ससारख्या गावी, मोटारीच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबणारी विजेची दोरी हे नित्याचे दृश्य आहे. एंजिन ऊबदार ठेवणारा तापक रात्रभर त्या दोरीने चालतो आणि तेथील अनेक वाहनतळांवर त्यासाठी विजेची सोय केलेली असते. सारांश, तेथील थंडी भयंकर आहे, पण ती अज्ञात नाही. ती कधी येते, किती येते आणि कशाला इजा करते, हे सर्व जाणते लोक जाणतात.

अशा परिस्थितीत टॅकोमाहून निघालेली मोटार अँकरेजला उतरली तेव्हा तिचे एंजिन तडकलेले आढळले, अशी कल्पना करा. मालक म्हणेल, वाहतूकदाराने हयगय केली. वाहतूकदार म्हणेल, ही दैवी आपत्ती. इंग्रजी परंपरेतील कायदा सार्वजनिक वाहतूकदाराला जवळजवळ विमेदाराइतके जबाबदार धरतो आणि त्याला मोजक्या सबबी तेवढ्या देतो. अमेरिकी न्यायालयांनी त्या पाच गणल्या आहेत: ईश्वराची करणी, राष्ट्राच्या शत्रूची करणी, सरकारी अंमलाची करणी, माल पाठविणाऱ्याची स्वतःची चूक, आणि वस्तूचा अंगभूत दोष. या यादीत ईश्वराचे नाव पहिले आहे. पूर्वीच्या काळी इंग्रज जहाजांच्या मालपावत्यांचा आरंभच ईश्वरकृपेच्या उल्लेखाने होत असे, आणि जहाज इष्ट बंदरी सुखरूप पोहोचो, अशा प्रार्थनेने त्यांचा शेवट होत असे. पुढे प्रार्थना गळून पडली आणि सबब तेवढी उरली. ज्याच्या कृपेची याचना करून जहाज हाकारले जाई त्याचे नाव आता केवळ नुकसानभरपाई टाळण्यापुरते उच्चारले जाते, ही गोष्ट भाविकाने आणि नास्तिकाने सारख्याच गांभीर्याने विचारात घ्यावी अशी आहे.

हा विचार पाश्चात्त्यांचाच आहे असे मात्र नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नदीपार नेणाऱ्या नावेच्या उताराचे दर दिलेले आहेत. त्यांत गाडीला एक पण (त्या काळचे नाणे), ओझेवाल्या माणसाला अर्धा पण, मालाने भरलेल्या गाडीला मालाच्या किमतीप्रमाणे, असे तपशील आहेत, आणि हे सर्व नदीपुरते असून समुद्राला असा ठराव लागू नाही, हेही तेथे स्पष्ट केलेले आहे. त्याच ओघात सांगितले आहे की नावाड्यांच्या अपराधाने काही बिघडले तर सर्व नावाड्यांनी मिळून आपापल्या हिश्शाने ते भरून द्यावे. दैवाने बिघडले तर मात्र त्यांना दंड नाही. ज्या ग्रंथाने मनुष्यामनुष्यांत अमानुष भेद शास्त्राच्या नावाखाली रूढ केले, आणि त्यासाठी ज्याचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झाले ते योग्यच झाले, त्या ग्रंथातील हा व्यवहारविचार मी प्रमाण म्हणून नव्हे, तर प्रश्नाच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून उद्धृत करीत आहे. याज्ञवल्क्याने ठेवीच्या प्रकरणात याच्या पुढचे पाऊल टाकले आहे. ठेव राजाने, दैवाने वा चोराने नेली तर ठेव सांभाळणाऱ्याकडून ती भरून घेऊ नये, असे तो म्हणतो. पण मालकाने मागितली असता ती दिली नाही आणि त्यानंतर ती नष्ट झाली, तर त्याने ती भरून द्यावी आणि तितकाच दंडही द्यावा, असा त्याचा निर्णय आहे. वादळ तेच, नाश तोच. पण मधल्या विलंबाने दैवाचे रूपांतर अपराधात झाले. आपल्याकडील मराठी राज्याच्या कागदपत्रांतूनही आस्मानी आणि सुलतानी या दोन आपत्तींचे कलम येते आणि अशा वेळी रयतेला साऱ्यात सूट देण्याची वहिवाट दिसते. म्हणजे आकाश आणि राजसत्ता यांच्यापुढे सामान्य माणसाचा इलाज चालत नाही, ही जाणीव गंगेच्या तीरावर, थेम्सच्या मुखाशी आणि भीमेच्या खोऱ्यात सारखीच होती.

मग भेद कोठे पडतो? तो पडतो दैव कोठवर आणि मनुष्य कोठवर, याची हद्द ठरविताना. इंग्लंडमध्ये १८७६ साली न्युजंट विरुद्ध स्मिथ या नावाने प्रसिद्ध झालेल्या खटल्यात ही हद्द बरीच स्पष्ट झाली. लंडनहून उत्तरेकडील अॅबरडीन बंदरी जहाजाने पाठविलेली एक घोडी वाटेत मरण पावली. काही अंशी नित्यापेक्षा अधिक खवळलेल्या समुद्रामुळे आणि काही अंशी तिने स्वतःच भयाने केलेल्या धडपडीमुळे. त्या काळी घोडी हेच वाहन होते, आणि दूरच्या उत्तरेकडील शहरी वाहन धाडण्याचाच हा प्रसंग होता. अपील न्यायालयाने वाहतूकदाराला मुक्त केले; पण मुक्त करताना असा दंडक घालून दिला की केवळ वादळ आले एवढ्याने ईश्वराची करणी सिद्ध होत नाही; कारण नैसर्गिक असले पाहिजे, मनुष्याचा हात त्यात नसला पाहिजे, आणि सामान्य सुज्ञ मनुष्य जी दक्षता घेईल ती घेऊनही अनर्थ टळण्यासारखा नसला पाहिजे. अमेरिकेच्या १८९३ च्या हार्टर कायद्याने, जो त्या देशातील एका बंदराहून दुसऱ्या बंदरी जाणाऱ्या मालालाही लागू पडतो, हीच गोष्ट शर्तीच्या रूपाने मांडली: जहाज सर्व प्रकारे प्रवासक्षम करण्याची वाजवी दक्षता जहाजमालकाने घेतली असेल तरच समुद्राचे संकट आणि ईश्वराची करणी या सबबी त्याला उपलब्ध होतील. आधी कर्तव्य पूर्ण केल्याचा दाखला आणावा आणि मग ईश्वराचे नाव घ्यावे, असा हा क्रम आहे. कायदेमंडळाने घालून दिलेला हा क्रम मला एखाद्या धर्मोपदेशकाच्या वचनाइतका पवित्र वाटतो.

कारण भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात हाच क्रम तत्त्वरूपाने सांगितलेला आहे. कोणतेही कर्म घडते ते पाच कारणांनी, असे तेथे म्हटले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नानाविध क्रिया आणि दैव. टीकाकारांनी अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ केला असला तरी प्रस्तुत व्यवहारापुरते जहाज व बंदर हे अधिष्ठान, पाठविणारा आणि नेणारा हे कर्ते, एंजिन, घटमाला, साखळदंड व पट्टे ही साधने, आणि बांधणे, तपासणे, नोंदविणे, हाकारणे या क्रिया, असे मानण्यास हरकत नाही. दैव या गणनेत नाकारलेले नाही. पण ते पाचवे आहे. वाहतूकदाराच्या सबबींच्या यादीत जो पहिला आहे तो गीतेच्या कारणांच्या यादीत शेवटचा आहे, आणि माझ्या मते धर्मविचाराचे मर्म या क्रमातच साठविलेले आहे. तडकलेल्या एंजिनापाशी उभे राहून प्रथम विचारावे की मालकाने गोठणारे पाणी भरले होते काय. मग विचारावे की घटमाला मुळातच दुबळी होती काय. मग विचारावे की जहाजावर गाडी नीट बांधली होती काय, गोदीवर ती कारणाशिवाय पडून राहिली काय. आणि या चारही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे हाती आल्यावर जे शिल्लक राहील तेवढेच दैवाच्या नावे लिहावे. आणि त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे की जो केवळ एकट्यालाच कर्ता मानतो त्याची बुद्धी अपरिपक्व होय. हे वचन दोन्ही बाजूंना लागू आहे. सारा दोष वाहतूकदारावर टाकणारा मालकही त्याच अपरिपक्वतेचा धनी आहे.

अलास्काच्या भूमीवर या सिद्धान्ताची कसोटी फार मोठ्या प्रमाणावर लागली. २७ मार्च १९६४ रोजी, गुड फ्रायडेच्या सायंकाळी, प्रिन्स विल्यम साउंडच्या उत्तर भागात केंद्र असलेला ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. भूमी चार मिनिटांहून अधिक काळ हादरत राहिली आणि सुमारे १३० माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील बहुतेक समुद्राच्या लाटांनी. व्हॅल्डीझ येथे धक्क्याला लागलेल्या एका मालवाहू जहाजातून माल उतरविणे चालू असता खालची जमीनच समुद्रात घसरली आणि धक्क्यावरील तीसेक माणसे धक्क्यासह नाहीशी झाली. सेवर्डचा सारा किनारा लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त केला. अँकरेजचे बंदर, जे १९६१ सालीच खुले झाले होते, ते मात्र नुकसान सोसूनही टिकले, आणि पुढे साऱ्या प्रांताच्या पुरवठ्याचा मुख्य भार त्याने उचलला. त्या सायंकाळी व्हॅल्डीझच्या धक्क्यावर कोणाची मोटार उभी असती आणि ती समुद्रात गेली असती, तर तिच्यासाठी दैवाशिवाय दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविता आले नसते, असे आपण सहज म्हणून जाऊ.

पण तेथेही थांबून विचार करावा लागतो. त्याच भूकंपात अँकरेजच्या टर्नअगेन हाइट्स या वस्तीतील सुमारे ७५ घरे भूस्खलनाने मोडून पडली. ज्या चिकण मातीच्या थरावर ती वस्ती उभी होती तो थर भूकंपात घसरण्याचा धोका आहे, असे सरकारी भूशास्त्रज्ञांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद केले होते. इशारा होता, घरे बांधली गेली. व्हॅल्डीझ गावही हिमनदीने आणलेल्या सैल गाळावर वसलेले होते, आणि भूकंपानंतर ते काही मैल अंतरावरील भक्कम भूमीवर नव्याने वसविण्यात आले. भूकंप कोणी आणला नाही, हे निर्विवाद. पण भूकंपाच्या मार्गात काय ठेवावे आणि काय ठेवू नये, हा निर्णय मनुष्याचाच होता. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी अँकरेजजवळ ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा रस्ते खचले, इमारती हादरल्या, पण एकही मनुष्य प्राणास मुकला नाही. १९६४ च्या उत्पाताशी या भूकंपाच्या शक्तीची तुलना होणार नाही, तरीही मधल्या काळात केलेल्या बांधकामाच्या नियमांचा त्यात मोठा वाटा होता, हे सर्वमान्य आहे. ज्ञान जसजसे वाढते तसतसा दैवाचा मुलूख आकसत जातो आणि मनुष्याच्या जबाबदारीचा विस्तारत जातो; काल जे दैवाच्या खाती निर्मळ मनाने लिहिता येत होते ते आज लिहिले तर ती लबाडी ठरते. अँकरेजच्या जुन्या धक्क्याचे लोखंडी खांब खाऱ्या पाण्याने गंजून पातळ झाले आहेत आणि त्यांच्या जागी नवे धक्के बांधण्याचे काम तेथील नगरपालिकेने हाती घेतले आहे. हे काम अर्धवट राहून उद्याच्या भूकंपात ते खांब मोडले, तर तेव्हा कोणाचे नाव घ्यावयाचे?

याच प्रिन्स विल्यम साउंडमध्ये २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हॅल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढले आणि १ कोटी १० लाख गॅलनांच्या सुमारास कच्चे तेल समुद्रात पसरले. तो दिवसही गुड फ्रायडेचाच होता. सागर तोच, वार तोच, आणि ख्रिस्ती भाविकांच्या दृष्टीने ईश्वराच्या यातनांचे स्मरण करण्याचा सण तोच. पण पहिल्या अनर्थात भूमीच्या पोटातील शक्ती होती आणि दुसऱ्यात थकलेला अधिकारी, सुकाणूकक्षात नसलेला कप्तान आणि अपुऱ्या मनुष्यबळावर चालणारी व्यवस्था होती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. या दोहोंना एकाच नावाने संबोधणे हा सत्याचा अपमान आहे, आणि सत्याचा अपमान करून ईश्वराचा सन्मान होत नाही.

येथे दोन आक्षेप येतील. भक्त म्हणेल, ईश्वराच्या इच्छेवाचून पानही हलत नाही, मग हे तुमचे दैव वेगळे आणि मनुष्य वेगळा, असे हिस्से पाडणे म्हणजे सर्वव्यापी परमेश्वराला एका रकान्यात कोंडणे नव्हे काय? याला माझे उत्तर असे आहे की परमार्थदृष्टीने सर्वच त्याचे आहे हे मान्य केले, तरी व्यवहाराच्या पायरीवर उभे असताना परमार्थाचे वचन सबब म्हणून वापरण्याचा अधिकार कोणाला नाही. अद्वैत प्रतिपादणाऱ्या शंकराचार्यांनीही व्यावहारिक सत्तेची पायरी पुसून टाकली नाही. शिवाय लाभाच्या वेळी जो आपल्या कर्तबगारीची नोंद करतो आणि हानीच्या वेळी जो ईश्वरेच्छेची नोंद करतो, त्याच्या श्रद्धेची रुजवात कोणत्या वहीशी घालावयाची? दुसरा आक्षेप बुद्धिवाद्याचा. तो म्हणेल, करारनाम्यातून हे नाव काढूनच टाका. अपरिहार्य नैसर्गिक कारण, असे म्हणा म्हणजे झाले. व्यवहारापुरते ते चालेल. पण मनुष्याने सर्व दक्षता घेतल्यानंतरही जे उरते, जे कोणाच्याही अपराधात बसत नाही आणि तरीही कोणाला तरी भोगावे लागते, त्याच्यासमोर मनुष्याने कसे उभे राहावे, हा प्रश्न नाव बदलल्याने सुटत नाही. तो प्रश्न हिशेबाचा नाही. तो धर्माचा आहे.

आणि त्या प्रश्नाला दर्यावर्दी लोकांनी फार प्राचीन काळी एक उदात्त उत्तर दिले आहे. वादळात जहाज वाचविण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला, तर ज्याचा माल फेकला गेला त्या एकट्यानेच ते नुकसान सोसू नये. ज्यांचा माल वाचला त्यांनी आणि जहाजमालकाने आपापल्या मूल्याच्या प्रमाणात ते वाटून घ्यावे, हा नियम भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स बेटाच्या नावाने प्रसिद्ध आहे, आणि सहाव्या शतकात जस्टिनियनने संकलित करविलेल्या रोमन कायद्यात तो समाविष्ट आहे. १८६४ साली यॉर्क येथे आणि १८७७ साली अँटवर्प येथे भरलेल्या परिषदांतून या नियमाला आधुनिक रूप मिळाले, आणि यॉर्क-अँटवर्प नियम या नावाने तो आजही जगभर पाळला जातो. त्याची अलीकडची आवृत्ती २०१६ ची आहे. याचा अर्थ असा की अँकरेजला आपली मोटार सुखरूप उतरवून घेणारा मनुष्य, त्याच जहाजावरील अपरिचित सहप्रवाशाच्या बुडविलेल्या मालाचा देणेकरी होऊ शकतो. स्वतःचा कोणताही अपराध नसताना, केवळ आपले वाचले एवढ्या कारणाने. आपल्या स्मृतिकारांनीही भागीदारीच्या व्यवहारात, संकटातून सामाईक माल वाचविणाऱ्याला त्याचा दहावा हिस्सा द्यावा, असे सांगून या परस्परबंधनाला मान्यता दिली. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात चालणारी जोखमी हुंडी, जिची रक्कम माल सुखरूप पोहोचला तरच देय होत असे, तीही दर्याची जोखीम एकट्याच्या माथ्यावर राहू नये म्हणूनच निघाली.

या तत्त्वाचे परमोच्च उदाहरण आपल्या मराठी मुलखात घडले. १६३० च्या सुमारास दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. देहूच्या तुकोबांच्या घरची वाण्याची पेढी त्यात बुडाली आणि घरातील माणसे गेली. आस्मानी आपत्ती यापेक्षा अधिक ती काय असावयाची? परंपरा सांगते की तुकोबांनी कर्जखतांतील भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात बुडविली. त्या खतांवर ज्यांचे अंगठे होते ते कुणबीही त्याच दुष्काळाने नागवले गेले होते. दैवाने झालेल्या हानीबद्दल तुकोबांनी देवाकडे भरपाई मागितली नाही आणि ती आपल्याहून दुबळ्यांकडून वसूलही केली नाही. आपला हिस्सा त्यांनी स्वतःच्या नावे लिहून टाकला. ऱ्होड्सच्या नाविकांनी जे कायद्याने बांधून घेतले ते या वाण्याने भक्तीने केले, आणि म्हणून दैवाच्या रकान्यात काय लिहावे हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणी सांगितलेले मला ठाऊक नाही.

प्रार्थनेचे स्थानही यातून निश्चित होते. आमच्याकडे दसऱ्याला वाहनाची पूजा होते, चाकाला फूल वाहिले जाते. परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही हा संस्कार निष्ठेने पाळतात आणि तो पाळावा. पण कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करतात त्याच्या आधी काय करतात ते पाहावे. पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या असतात, त्यांची डागडुजी झालेली असते, जाळी दुरुस्त झालेली असतात, आणि खवळलेल्या दर्यात उगाच नाव घालण्याचे साहस त्यांनी टाळलेले असते. नारळ सर्वांत शेवटी येतो. जे आपल्या हातचे होते ते आम्ही केले, उरलेले तुझ्या स्वाधीन, असे म्हणण्याचा अधिकार तेव्हा प्राप्त होतो. डागडुजी न करता वाहिलेला नारळ हा नवस नव्हे, ती लाच आहे.

म्हणून जो कोणी आपली मोटार उत्तरेकडील थंड बंदरी धाडीत असेल, किंवा दुसऱ्याची मोटार नेण्याचे काम पत्करीत असेल, त्याला माझे सांगणे एवढेच आहे. एंजिनातील पाणी तपासा, घटमाला भारून घ्या, गाडीच्या अवस्थेची नोंद खरी करा, जहाजावर तिला भक्कम बांधा, आणि विलंब होईल तर तो कळवा. एवढे करूनही हानी झाली तर आधी चारही कारणांचा इन्साफ निर्भयपणे करा, त्यात आपला दोष निघाला तर तो कबूल करा, आणि खरोखरच कोणाचा दोष नसेल तर ज्याच्यावर घाव पडला त्याला एकट्याला सोडू नका. ईश्वराचे नाव करारनाम्यात राहू द्यावे. मात्र ते घेण्याची पाळी शेवटी येते, आणि ते घेतल्यावर नुकसानीतील आपला वाटा उचलण्यास जो पुढे होत नाही त्याला ते घेण्याचा अधिकार नाही.